आधी ताट ठरवा, मग बाटली

प्रश्न: ताई, पुढच्या महिन्यात आठ जणांना जेवायला बोलावलं आहे. त्यातले दोघे दारू घेत नाहीत. आधी मासे, मग भाजलेलं चिकन आणि मशरूम, एक पदार्थ चांगला तिखट आणि शेवटी चीज असा बेत आहे. मागच्या वेळी दुकानातून सुचवलेली दाट, बऱ्यापैकी महाग रेड वाइन आणली होती. नुसती प्यायलो तेव्हा छान लागली, पण माशाबरोबर तोंडात लोखंड आल्यासारखं झालं. मित्र म्हणतो, स्वस्त वाइन ती स्वस्तच, अजून चार पैसे टाक. माझ्याकडे तेवढे पैसे नाहीत. चव कशी घ्यायची, कमी पैशात चांगली बाटली कशी निवडायची, कशाबरोबर काय द्यायचं आणि उरलेल्या वाइनचं काय करायचं, हे सांगाल का?

उत्तर: तुमच्या पत्रातली सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे ते लोखंड. वाइन नुसती प्यायल्यावर छान लागली आणि माशाबरोबर बिघडली, म्हणजे वाइन वाईट नव्हती आणि बहुधा मासाही चांगलाच होता. दोघांचं एकमेकांशी जमलं नाही, एवढंच. अशा ठिकाणी जास्त पैसे टाकून काही सुधारत नाही. त्याच धाटणीची आणखी महाग बाटली आणली असती, तर माशाबरोबर तीही तशीच वागण्याची शक्यता होती.

या चवीमागचं एक कारण जपानमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवून दिलं. त्यांनी बऱ्याच वाइन स्कॅलपबरोबर, म्हणजे एका प्रकारच्या समुद्री शिंपल्याच्या मांसाबरोबर, चाखवून पाहिल्या. ज्या वाइनमध्ये लोहाचं प्रमाण जास्त होतं, तिच्याबरोबर मासळीचा उग्र वास घोट गिळल्यावरही तोंडात रेंगाळत होता. समुद्री अन्नातले स्निग्ध घटक लोहामुळे मोडतात आणि त्यातून तो वास तयार होतो. रेडमध्ये लोह बऱ्याचदा व्हाइटपेक्षा जास्त असतं, पण प्रत्येक रेडमध्ये असतंच असं नाही आणि लेबलवर ते कुणी लिहीत नाही. त्यात तुमची वाइन दाट, म्हणजे तुरटही असणार. तुरटपणा आणि मासळी एकत्र आली की तोंडात धातूची चव येते. म्हणून माशाबरोबर रेड चालतच नाही असा नियम करायचं कारण नाही, पण पैसे मोजके असताना तो जुगार कशाला खेळायचा?

आता मित्राच्या म्हणण्याकडे येते. अगदी तळाच्या बाटल्यांपुरतं ते खरं आहे. काचेची बाटली, बूच, लेबल, खोका, वाहतूक हे खर्च आत काय भरलंय ते बघत नाहीत, ते साधारण तेवढेच राहतात. त्यामुळे सर्वांत स्वस्त बाटलीत द्राक्षांच्या वाट्याला फारच थोडे पैसे उरतात. तिथून एक-दोन पायऱ्या वर गेलात की वाढलेल्या किमतीचा बराच भाग थेट द्राक्षांपर्यंत पोचतो आणि तो फरक जिभेला स्पष्ट कळतो. तेवढी वाढ जरूर करा. पण त्याच्याही वर गेलं की पैसे निराळ्या गोष्टींसाठी जायला लागतात: नावाजलेल्या गावातली महाग जमीन, वेलावर मुद्दाम कमी ठेवलेली द्राक्षं, नव्या ओक लाकडाची पिंपं, वर्षानुवर्षं तळघरात अडकून पडलेला माल आणि सगळ्यात जास्त म्हणजे नाव. फ्रान्सच्या बोर्दो भागातलं नेहमीचं पिंप २२५ लिटरचं असतं, त्यातून जेमतेम ३०० बाटल्या भरतात. नवं पिंप वापरलं की त्याचा खर्च त्या ३०० बाटल्यांवर चढतो. तो ओकचा वास तुमच्या चिकनला हवाच असतो असं नाही.

किंमत जिभेला कशी फसवते यावरही चांगलं काम झालेलं आहे. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी काही जणांना एकच वाइन दोनदा दिली, एकदा १० डॉलरची म्हणून आणि एकदा ९० डॉलरची म्हणून. ९० डॉलरची म्हटल्यावर ती लोकांना जास्त आवडली, आणि मेंदूच्या स्कॅनमध्ये सुखाशी जोडलेल्या भागातली हालचालही वाढलेली दिसली. म्हणजे लोक खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच जास्त आवडली होती. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात सहा हजारांहून जास्त वेळा, किंमत आणि नाव झाकून चव घेतली गेली होती. तिथे सर्वसामान्य माणसांना महाग वाइन जास्त आवडल्याचं दिसलं नाही, उलट किंचित कमीच आवडली. ज्यांनी वाइनचं रीतसर शिक्षण घेतलं होतं त्यांचा कल मात्र थोडा वेगळा होता. तेव्हा मित्र पैज लावायला तयार असेल, तर दोन बाटल्या कागदी पिशवीत घाला आणि त्याला ओळखू द्या.

माझा तुम्हाला सल्ला असा, की जेवणासाठी वाइन घेताना आंबटपणा विकत घ्या. मऊपणा, दाटपणा, व्हॅनिलासारखा ओकचा वास या गोष्टी चांगल्या बनवायला पैसे लागतात. कमी पैशात त्या आणायच्या म्हटलं की त्यांची नक्कल होते. थोडी साखर शिल्लक ठेवायची, पिंपाऐवजी ओकचे तुकडे घालायचे, आणि पहिला घोट गोडगोड लागला की झालं. अशी वाइन दुकानात चाखताना भुरळ घालते, पण जेवणाच्या तिसऱ्या घासाला नकोशी होते. ताजा, स्वच्छ आंबटपणा मात्र थंड हवेतून, वेळेवर केलेल्या तोडणीतून आणि द्राक्षाच्या जातीतून येतो. त्यासाठी नवं पिंप लागत नाही, पाच वर्षं तळघर लागत नाही. तोंडाला पाणी सुटतं, जिभेवरचा तेलकटपणा धुऊन निघतो आणि पुढचा घास घ्यावासा वाटतो. स्वस्तात खऱ्या अर्थाने चांगली मिळू शकते ती हीच गोष्ट.

आता चव कशी घ्यायची. रंगावर फार वेळ घालवू नका. रंग तर नाकालासुद्धा फसवतो. बोर्दोमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वाइनचं शिक्षण घेणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना व्हाइट वाइन, ज्याला स्वतःचा वास नाही असा लाल रंग मिसळून, दिली होती. त्यांनी तिचं वर्णन करताना रेडसाठी वापरतात ते शब्द वापरले. शिकणाऱ्यांची ही गत, तर तुम्ही-आम्ही सावध राहिलेलं बरं.

ग्लास एक तृतीयांशाच्या वर भरू नका. हलकेच गोल फिरवा आणि नाक आत घालून वास घ्या. कसला वास येतो याचं नाव सापडलं नाही तर सोडून द्या. फळ आहे का, फूल आहे का, भाजल्यासारखं काही आहे का, एवढं पुरे. ओलसर पुठ्ठ्याचा, बुरशी धरलेल्या तळघराचा वास आला तर मात्र थांबा. बुचातून आलेल्या एका रसायनाने ती बाटली बिघडलेली आहे. तुमच्या चवीचा काही दोष नाही, बाटली परत करा. फिरकीच्या झाकणाला ही भीती बहुतेक नसतेच, म्हणून ते झाकण म्हणजे हलका माल असं समजू नका. ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर व्हॅलीच्या उत्पादकांनी २००० सालची आपली रीझलिंग ही व्हाइट वाइन ठरवून त्याच झाकणाखाली भरली, ती याच कारणासाठी.

मग घोट घ्या, तो तोंडभर फिरवा आणि चार गोष्टी एकेक करून शोधा. आंबटपणा जिभेला जाणवतो, घोट गिळल्यावर तोंडाला किती पाणी सुटतं त्यावर त्याचं माप ठरतं. तुरटपणा हिरड्यांवर आणि गालाच्या आतल्या बाजूला जाणवतो, तिथे कोरडं आणि खरखरीत होतं. लाळेतली प्रथिनं द्राक्षाच्या सालीतल्या टॅनिन या तुरट द्रव्याला चिकटतात आणि लाळेचा गुळगुळीतपणा जातो म्हणून तसं वाटतं. अल्कोहोलची ऊब घशात कळते. गोडवा ओळखणं सगळ्यात फसवं, कारण पिकलेल्या फळाचा वास आला की मेंदू आपोआप गोड म्हणतो. अशा वेळी नाक चिमटीत धरून घोट घ्या. तरीही गोड लागली तर साखर आहे. नाहीतर तो नुसता वास होता. शेवटी घोट गिळून झाल्यावर चव किती वेळ टिकते ते बघा. पटकन नाहीशी झाली तर वाइन साधी आहे. बराच वेळ राहिली आणि ती चव हवीहवीशी असली, तर बाटली किमतीपेक्षा सरस आहे. किंमत आणि दर्जा जोखायला माझा सगळ्यात जास्त भरवसा या शेवटच्या कसोटीवर आहे.

पाहुण्यांच्या आधी एका संध्याकाळी हे करून बघा. एक आंबट व्हाइट आणि एक तुरट रेड घ्या. बशीत लिंबाची फोड, चिमूटभर मीठ, थोडी साखर, मीठ न घालता शिजवलेलं एक मशरूम आणि मिरचीचा छोटा तुकडा ठेवा. आधी दोन्ही वाइनचा एकेक घोट घ्या. मग मिठाचा कण जिभेवर ठेवून रेड प्या. तिचा कडूपणा खाली बसतो आणि फळ वर येतं. लिंबू चोखून व्हाइट प्या, मघाशी आंबट वाटलेली तीच वाइन आता गोल, मऊ, जवळजवळ गोडसर लागते. मग साखर. इथे उलटं होतं, दोन्ही वाइन अचानक आंबट आणि पोकळ होतात. बिनमिठाच्या मशरूमनंतर रेड कडवट आणि कोरडी होते. त्याच मशरूमवर मीठ आणि लिंबाचे दोन थेंब घाला, परत घोट घ्या. रेड पूर्वपदावर येते. मिरचीनंतर रेडमधलं अल्कोहोल चटका देतं.

या एका बशीत तुम्हाला पाहिजे ते सगळं आहे. जेवणातलं मीठ आणि आंबट वाइनला मदत करतं, गोड आणि मशरूमसारखी खोल चव तिला अडचणीत आणते, तिखट तर अल्कोहोल आणि तुरटपणा दोन्ही भडकवतं. रेड म्हणजे मटण, व्हाइट म्हणजे मासे ही वाटणी त्यामानाने फार ढोबळ आहे. मांस कुठलं यापेक्षा ते कशात शिजवलं, वर कसला सॉस घातला, लिंबू पिळलं का, हे वाइनसाठी जास्त महत्त्वाचं असतं. आणि जेवण तयार असताना वाइन जुळत नाहीये असं वाटलं, तर नवी बाटली उघडण्याआधी ताटात चिमूटभर मीठ आणि थोडं लिंबू घालून बघा. पुष्कळदा तेवढ्यानेच काम होतं.

आता बाटली कुठे शोधायची. प्रसिद्ध नावाच्या शेजारी जा. फ्रान्समधल्या साँसेरची सोव्हिन्यों ब्लां ही व्हाइट महाग असते. त्याच ल्वार नदीच्या खोऱ्यात तुरेन नावाच्या भागात तेच द्राक्ष बरंच कमी किमतीत मिळतं. शँपेन बनवताना वाइन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून बुडबुडे आणतात. स्पेनची कावा आणि फ्रान्सच्या इतर भागांतली क्रेमाँ याच पद्धतीने होतात. कावाला बाटलीत यीस्टच्या गाळावर किमान नऊ महिने ठेवावंच लागतं, त्यातून तो भाजलेल्या पावासारखा वास येतो. इटलीची प्रोसेको बहुतेक वेळा मोठ्या टाकीत होते, तिची चव साधी आणि फळांची असते. ती वाईट नाही, पण शँपेनची आठवण हवी असेल तर कावा घ्या. फ्रान्सच्याच शातोनफ-द्यु-पाप या नावाजलेल्या रेडऐवजी कोत द्यु रोन व्हिलाज घ्या, तिथेही ग्रनाश, सिरा, मुर्वेद्र हीच द्राक्षं मुख्य आहेत. सोतेर्नची गोड वाइन परवडत नसेल तर माँबाझियाक शोधा. तिथेही सेमियों हेच मुख्य द्राक्ष, आणि सोतेर्नसारखाच एका उपकारक बुरशीने द्राक्षं वेलावरच सुकवून गोडवा आणलेला.

दुसरी वाट म्हणजे फॅशनमध्ये नसलेली द्राक्षं. शेनां ब्लां या द्राक्षाची जगातली सगळ्यात जास्त लागवड दक्षिण आफ्रिकेत आहे. आंबटपणा भक्कम, फळ भरपूर, किंमत माफक, आणि कोंबडीपासून क्रीमच्या सॉसपर्यंत कशालाही नाही म्हणत नाही. एकच व्हाइट घ्यायची असेल तर माझी पसंती हिला. स्पेनच्या काम्पो दे बोर्हा आणि कालातायुदमध्ये गार्नाचाचे जुने वेल आहेत, तिथली रेड पैशाच्या मानाने फार उदार असते. मात्र तिच्यात अल्कोहोल चढं असतं, तिखटाजवळ नेऊ नका. इटलीतल्या पिएमाँतची बार्बेरा आंबट जास्त आणि तुरट कमी, टोमॅटोच्या सॉसला तिच्याइतकी सोयीची रेड मला दुसरी माहीत नाही. बारोलो ही रेडही तिथलीच, पण तिच्या किमतीकडे बघायला नको. चिलीच्या कार्मेनेर या काळ्या द्राक्षाच्या रेडकडेही लक्ष ठेवा. कितीतरी वर्षं तिथे ती मर्लो या दुसऱ्याच द्राक्षाच्या नावाने लावली आणि विकली जात होती. १९९४ मध्ये जाँ-मिशेल बुर्सिको या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने वेल बघून ही मर्लो नव्हे असं सांगितलं.

लेबलवर काय वाचायचं? स्वस्त व्हाइटवर सगळ्यात अलीकडचं साल बघा. ती ताजेपणीच प्यायची असते, ठेवून सुधारत नाही. अल्कोहोलचा आकडा बघा. जर्मन रीझलिंगवर ८ किंवा ९ टक्के असेल तर सगळी साखर आंबलेली नाही, म्हणजे गोडवा शिल्लक आहे. रेडवर १४.५ असेल तर ती भारदस्त आणि उष्ण लागणार. स्पेनच्या रिओहामध्ये क्रियान्सा असं लिहिलेलं असलं तर रेड वाइन किमान दोन वर्षं मुरवलेली असते, त्यातलं किमान एक वर्ष ओकमध्ये, आणि हे कायद्याने ठरलेलं आहे. याउलट पुष्कळ देशांत नुसत्या रिझर्व्ह या शब्दाला कायद्याचा काहीच आधार नाही. बाटली जड आहे, बूड खोल आहे, लेबलवर सोनेरी अक्षरं आहेत, यांचा आतल्या मालाशी संबंध नाही. त्या जड काचेचे पैसे तुम्हीच भरता, आणि मला त्याचा खरोखर राग येतो.

तर तुमचा बेत. माशाबरोबर मस्कादे ही फ्रेंच व्हाइट द्या. ल्वार नदी समुद्राला मिळते त्याच्या जवळ, नांत शहराभोवती ती होते. हलकी, आंबट, किंचित खारट वाटणारी. लेबलवर सुर ली असेल तर ती यीस्टच्या गाळावर ठेवलेली आहे आणि थोडी भरलेली लागेल. ती नाही मिळाली तर दक्षिण फ्रान्सची पिकपूल द पिने किंवा पोर्तुगालची विन्यो व्हेर्द. मासे तळणार असाल तर बुडबुड्यांची कोरडी, म्हणजे गोड नसलेली, कावा, तळलेल्या खारट पदार्थाबरोबर ती सोन्याहून पिवळी.

चिकन आणि मशरूमसाठी फ्रान्सची बोजोले. गॅमे द्राक्षाची हलकी रेड, तुरटपणा कमी, लाल फळांचा वास. थोडं जास्त बजेट असेल तर तिथल्या दहा नावाजलेल्या गावांपैकी एखादं, मॉर्गाँ किंवा फ्लरी, बघा. नावाजलेली असूनही शेजारच्या बरगंडीच्या मानाने ती अजून आवाक्यात आहेत. मशरूमला मीठ नीट लावा, कारण तुम्ही बशीत बघितलेलं असेलच. मागच्या वेळची ती दाट रेड पुन्हा आणू नका. भाजलेल्या साध्या चिकनपुढे ती म्हणजे नाकापेक्षा मोती जड. तिच्यासाठी चरबी असलेलं मटण किंवा बीफ हवं. तिथे मांसातली प्रथिनं, चरबी आणि वरचं मीठ तिचा तुरटपणा सांभाळून घेतात.

तिखटासाठी जर्मनीच्या मोझेल भागातली रीझलिंग काबिनेट, थोडी गोडसर असलेली. लेबलवर ट्रॉकन लिहिलेलं असेल तर ती कोरडी, ती या पदार्थासाठी घेऊ नका. गोडवा तिखटाची आग शमवतो, अल्कोहोल कमी असल्याने चटका वाढत नाही, आणि आंबटपणामुळे गोडवा गोडमिट्ट होत नाही. गोड वाइन म्हणजे नवशिक्यांची, असं तुम्हाला कुणी सांगेल. ऐकू नका. पोटात तिखट गेल्यावर तोच माणूस दुसऱ्यांदा ग्लास पुढे करील.

चीजबरोबर रेड हवीच, हा समज सोडा. मऊ, मलईदार चीज रेडला धातूसारखं करून टाकतं, त्यासाठी माशाची उरलेली व्हाइट जास्त बरी. बकरीच्या दुधाचं चीज असेल तर तुरेनची सोव्हिन्यों अगदी चपखल. निळ्या बुरशीचं खारट चीज असेल तर माँबाझियाकची छोटी बाटली, मीठ आणि गोड यांची जोडी खूप जुनी आहे. जुनं, कडक, दाणेदार चीज आणि बदाम असतील तर स्पेनच्या हेरेथची कोरडी शेरी. फिनो प्रकारची शेरी पिंपात यीस्टच्या थराखाली मुरते, तिच्यात सुक्या मेव्याचा आणि भिजवलेल्या कणकेचा वास असतो. पहिला घोट अनेकांना विचित्र वाटतो. बदामाबरोबर दुसरा घेऊन मगच ठरवायला सांगा. पैशाच्या मानाने इतकी मेहनत असलेली वाइन जगात फार थोड्या ठिकाणी मिळते, असं मला मनापासून वाटतं.

७५० मिलिलिटरच्या बाटलीत १२५ मिलिलिटरचे सहा ग्लास होतात. पिणारे सहाच आहेत. पण प्रत्येक पदार्थाला पूर्ण ग्लास भरू नका, ७५ ते १०० मिलिलिटर ओता. लोक सावकाश पितील, चव घेतील आणि जेवण नीट होईल. मस्कादे, बोजोले, रीझलिंग अशा तीन बाटल्या आणि चीजसाठी एक छोटी, एवढं पुरे. पाण्याचे ग्लास वाइनच्या ग्लासांइतकेच मोठे ठेवा. गाडी चालवणाऱ्याला आग्रह करू नका. न घेणाऱ्या दोघांनाही नुसतं गोड सरबत देऊन मोकळे होऊ नका. त्यांच्या ताटालाही तेच हवं आहे जे इतरांना: आंबट आणि थोडं तुरट. साखर न घालता गार केलेला चहा लिंबू पिळून द्या, किंवा बुडबुड्यांचं पाणी आणि आंबट फळाचा रस.

तापमान सांभाळणं फुकट आहे आणि त्याने पडतो तेवढा फरक कशानेच पडत नाही. व्हाइट ८ ते १० अंश सेल्सिअस, बुडबुड्यांची त्याहून थोडी गार, बोजोलेसारखी हलकी रेड १२ ते १३, दाट रेड १६ ते १८. घरातली हवा यापेक्षा गरम असेल तर रेडही अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवा. गरम रेडमधून आधी अल्कोहोलचाच वास येतो आणि फळ दबून जातं. व्हाइट मात्र फ्रीजमधून दहा-पंधरा मिनिटं आधी काढा, फार गार असली की कुठलीच चव कळत नाही. ग्लासचं फार मनावर घेऊ नका. तोंडाशी थोडा निमुळता, पातळ काचेचा, साबणाचा वास नसलेला एकच आकार सगळ्या वाइनना चालतो.

उरलेली वाइन हवेने बिघडते, म्हणून तिला हवा कमी मिळेल असं बघा. छोटी स्वच्छ बाटली गळ्यापर्यंत भरून घट्ट बंद करा आणि फ्रीजमध्ये ठेवा, रेडसुद्धा. व्हाइट आणि हलकी रेड तीन-चार दिवस चांगली राहते. गोडसर रीझलिंग आणि माँबाझियाक त्याहून जास्त टिकतात. फिनो शेरी मात्र आठवड्याभरात संपवा, लोक तिला महिनोन् महिने कपाटात ठेवतात आणि मग नावं ठेवतात. बुडबुड्यांच्या बाटलीला दाबाचं खास झाकण मिळतं, ते नसेल तर त्याच रात्री संपवलेली बरी, चमचा अडकवून काही होत नाही. ग्लासभरच उरली तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. पुढच्या वेळी चिकन भाजल्यावर भांड्याच्या तळाशी चिकटलेला रस सोडवायला त्यातले दोन खडे टाका, थोडं लोणी घाला, आणि सॉस तयार.